उतारावरचं १९४०चं सपाट गच्चीचं घर: दुरुस्ती टेकडीकडून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळ देवळालीच्या बाजूला टेकडीच्या उतारावर आजोबांनी १९४०च्या सुमारास बांधलेलं घर. सपाट गच्ची, एक गोल कोपरा, घराभोवती पट्टीसारखे फिरलेले पातळ छज्जे, लोखंडी सेक्शनच्या लांबलचक खिडक्या. आता गच्ची गळते, छज्ज्याखालचे पोपडे पडून सळया दिसतात, टेकडीकडच्या भिंतीला ओल आहे आणि उताराकडच्या खोलीत तिरका तडा गेलाय. एक कंत्राटदार म्हणतो पाडा. दुसऱ्याने गच्चीवर पत्रा, बाहेरून जाड प्लास्टर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असं एकगठ्ठा कोटेशन दिलंय. शिवाय मुलाला वर एक खोली चढवायची आहे.

पाडू नका, आणि ते कोटेशनही घेऊ नका. दोघांनीही घराकडे पाहिलंय, घरामागच्या टेकडीकडे कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. त्यातल्या निदान दोन, म्हणजे ओल आणि तडा, यांचं मूळ बहुधा घराबाहेर आहे. ते तसंच ठेवून आत कितीही पैसे घातले तरी तीन पावसाळ्यांत सगळं पुन्हा वर येईल.

नाशिकच्या टेकड्या म्हणजे बेसॉल्टचे एकावर एक बसलेले थर. कुठे घट्ट काळा पाषाण, कुठे सच्छिद्र मांजऱ्या खडक, दोन थरांच्या मध्ये कधी तांबडा मातकट पट्टा, आणि सगळ्यांवर मुरूम. पाणी मुरमातून सरळ उतरतं, पण घट्ट थर लागला की आडवं वळतं आणि टेकडी जिथे कापलेली असेल तिथून बाहेर येतं. तुमच्या घरासाठी टेकडी कापली तेव्हा पाण्याला तोंड तिथेच मिळालं. तांबडा पट्टा कापात दिसत असेल तर जास्त जपा, कारण तो भिजला की निसरडा होतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातल्या उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या) शिलालेखात लेण्याबरोबर पाण्याची टाकी खोदल्याचाही उल्लेख आहे. डोंगर कोरणाऱ्यांनी पाण्याची सोय त्याच कामात धरली होती. आपल्याकडे हल्ली प्लॉट कापून झाला, बंगला उभा राहिला, पहिला पाऊस पडला की मग प्लंबरला फोन जातो.

तेव्हा पहिलं काम फुकटचं आहे: ओल कधी येते याची तारीखवार नोंद ठेवा. पाऊस कोसळताना लगेच भिंत भिजत असेल तर पाणी वरून येतंय, म्हणजे गच्ची, कठडा किंवा फुटका पाइप. मोठ्या पावसानंतर काही दिवसांनी ओल चढते आणि पाऊस थांबल्यावरही दसऱ्या-दिवाळीपर्यंत टिकते, असं असेल तर तो टेकडीचा पाझर. आणि एप्रिल-मेमध्येही भिंत ओलीच राहत असेल तर टेकडीला दोष देऊ नका. वरच्या बंगल्याचा सेप्टिक टँक, त्याचा शोषखड्डा, लॉनचं रोजचं पाणी किंवा गळकी नळजोडणी शोधा. तुमच्या वर गेल्या काही वर्षांत नवे बंगले झाले असतील तर हा संशय आधी घ्यायचा. शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी त्याच्या टाकीत थोडा रंग टाकून पाहण्याची परवानगी मागा. तो रंग तुमच्या भिंतीच्या पायथ्याशी उतरला तर वादाला जागाच उरत नाही.

आता मागची संरक्षक भिंत. ती घराच्या भिंतीपासून सुटी आहे की घराचीच मागची भिंत माती अडवते, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोत कळत नाही, पण हिशोब दोन्हीकडे सारखाच. तीन मीटर उंचीची माती कोरडी असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा रेटा येतो. मागे पाणी पूर्ण उंचीपर्यंत साचलं की तोच रेटा सहा टनांच्या घरात जातो. त्या वेळच्या गवंड्यांनी जाड दगडी भिंत घालून तिला पाणी सोडायला भोकं ठेवली ती याचसाठी. ही भोकं पुढे रंगकाम करताना बुजतात. कुणी उंदरांसाठी सिमेंट भरतं, कुणी 'घाण दिसते' म्हणून प्लास्टर ओढतं.

भोकं शोधायची तर भिंतीवर हातोडीने हळू वाजवत जा. बुजवलेल्या भोकाचा आवाज पोकळ, बद्द येतो आणि ती साधारण एका ओळीत सापडतात. पहारीने एक उघडलं की आधी चिखलाचा गोळा येतो, मग मुळांचं जाळं, मग काळसर पाणी. ते पाणी धार धरून वाहायला लागलं तर समजा की भिंत इतके दिवस ते अंगावर झेलत होती. सगळी भोकं एका दिवसात उघडू नका. पाण्याबरोबर मागची बारीक माती वाहून गेली तर पोकळी होते. एक सोडून एक उघडा आणि प्रत्येकात जाळी लावलेला पाइप थोडा उतार देऊन बसवा. पुढे कधी मागची माती काढायची वेळ आलीच तर भिंतीलगत खडी आणि त्यामागे जिओटेक्स्टाइल कापड द्या, म्हणजे गाळ अडतो आणि पाणी सुटतं.

घराच्या वरच्या अंगाला, कापापासून थोडं मागे सरून, आडवी चर काढायची. दगडी किंवा काँक्रीटची, तळ पक्का, एका बाजूला उतार, आणि शेवट नैसर्गिक ओहोळात. शेवट कुठे होतो हे महत्त्वाचं, कारण बऱ्याच चरी घराच्या कोपऱ्यावर येऊन संपतात आणि पाणी पायाशीच ओततात. गच्चीच्या पाइपांचंही तेच. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर शहराच्या सरासरी ७०० मिमी पावसात वर्षाला ७०,००० लिटर पाणी पडतं, आणि पाइप भिंतीच्या पायथ्याशी सोडलेला असेल तर ते सगळं पायात. (इगतपुरीकडे हाच आकडा चौपटीच्या पुढे जाईल.) 'पाणी जिरवा' हा सल्ला सपाट प्लॉटला ठीक आहे. उतारावर घराच्या वर शोषखड्डा घेणं म्हणजे स्वतःच्या संरक्षक भिंतीमागे नळ सोडून ठेवणं. पाणी टाकीत साठवा, जिरवायचंच असेल तर घराच्या बरंच खाली, बाजूला जिरवा.

हे सगळं मी फक्त नाशिकपुरतं बोलत नाही. लॉस एंजेलिसमध्ये टेकडीवर फ्रँक लॉईड राइट या अमेरिकन वास्तुकाराने १९२४ साली एनिस हाऊस बांधलं. नक्षीदार काँक्रीट ब्लॉकचं, आतून सळया ओवलेलं. काँक्रीटमध्ये त्या जागेवरचीच कुजलेल्या ग्रॅनाइटची रेती वापरली होती, सळया पुढे गंजल्या, ब्लॉक फुटले. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपाने त्याला हादरा दिला आणि २००४-०५च्या जोरदार पावसाने संरक्षक भिंतीचं नुकसान केलं. जगातलं एक नामांकित घर, पण त्यालाही शेवटी गंज आणि डोंगराचं पाणी यांनीच गाठलं.

तिरक्या तड्याबद्दल. उतारावरच्या घराचा मागचा अर्धा भाग कापलेल्या खडकावर असतो आणि पुढचा अर्धा बहुतेकदा त्याच कापातून निघालेल्या भरावावर. भराव बसतो, खडक बसत नाही, आणि तडा त्या दोहोंच्या सीमेवर जातो. वरती रुंद आणि खाली बारीक असा तडा असेल तर पुढचा भाग खाली झुकलाय असं समजायचं. पण तो ऐंशी वर्षांत केव्हाच झुकून थांबला की अजून झुकतोय, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. तड्यावर काचेच्या बारीक पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने आडव्या चिकटवा, तारीख लिहा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी फुटली नाही तर तडा चुन्याच्या ग्राउटने भरून विषय संपवा. फुटली तर मृदातज्ज्ञ आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांना बोलवा, आणि तोवर रंगाऱ्याला त्या खोलीत फिरकू देऊ नका.

एक ताकीद. रस्त्याच्या पातळीला गाडी लावायला जागा हवी म्हणून घराखालचा उतार जेसीबीने कापायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. पुढचा भराव त्या पायथ्यावर टेकलाय. तिथली जुनी झाडंही राहू द्या. कठड्यात उगवलेला पिंपळ मात्र मुळासकट काढा, नुसता छाटून चालत नाही.

हे झाल्यावर गच्ची. जुन्या गच्चीवर प्रत्येक पिढीने एक थर चढवलेला असतो: मुळातला चुन्याचा कोबा, त्यावर सिमेंटचा कोबा, त्यावर चिनी मोझॅक, त्यावर कुठलीशी पांढरी वॉटरप्रूफिंगची पेस्ट. तुमच्या वेळची स्लॅब चार इंचाची धरली तर तिचं स्वतःचं वजन चौरस मीटरला २५० किलो. विटांच्या तुकड्यांचा चार इंचाचा कोबा त्यावर साधारण २०० किलो टाकतो. असे दोन थर झाले की स्लॅब स्वतःपेक्षा जास्त ओझं अंगावर वागवते, आणि गळती तरीही थांबत नाही, कारण पाणी थरांच्या मधे अडकून राहतं. म्हणून नवा थर घालू नका, सगळे जुने काढा. ब्रेकर लावू नका. छिन्नी-हातोडीने, आणि खालून टेकू देऊनच. मग स्लॅब तपासा, दुरुस्त करा, एकच नवा थर घाला. पाइपाकडे १०० ला १ चा उतार, कठड्याच्या कोनात गोल वाटा (कोपरा भरून काढणारी मसाल्याची गोलाई), आणि पाणी बांधून दोन दिवस परीक्षा. कठडा लांब असेल तर त्यात सांधे ठेवा. १५ मीटरचा कठडा ३० अंशांच्या फरकाने जवळपास ५ मिमी लांबतो-आखडतो, आणि नाशिकची हिवाळी पहाट ते मे महिन्याची दुपार हा फरक त्याहून मोठा आहे. जागा ठेवली नाही तर कठडा स्वतःच तडकून ती करून घेतो.

पत्र्याला माझा कायमचा विरोध नाही. काम चालू असताना एक पावसाळा मधे आला तर परांचीवर, कठड्याला हात न लावता, तात्पुरता पत्रा टाका. पण गच्चीवर कायमचा पत्रा टाकला की तो सगळं पाणी एका कडेने उताराकडच्या भरावावर ओततो, जिथे ते सगळ्यात नको आहे.

छज्ज्यांच्या काँक्रीटकडे येऊ. पहिली गोष्ट, मुंबईच्या इमारतींचा उपचार इथे जसाच्या तसा लावू नका. तिथे समुद्राचं मीठ हा मोठा शत्रू. नाशिकमध्ये सळई गंजते ती बहुतेक करून कार्बोनेशनने: हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरतो, त्याचा अल्कधर्मीपणा कमी होतो, आणि सळईला असलेलं नैसर्गिक संरक्षण जातं. ताज्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे या अल्कधर्मीपणाचं माप, १२.५च्या आसपास असतो. तो ९च्या खाली आला की ओल लागताच सळई गंजायला लागते. गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा घेतं आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडतं. त्या काळी सळया साध्या गोल माइल्ड स्टीलच्या, काँक्रीट हाताने कालवलेलं, आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर छज्ज्यात जेमतेम अर्धा इंच. एवढ्यावर ते ऐंशी वर्षं टिकलं हे त्या मिस्त्रींचं श्रेय.

तपासणी सोपी आहे आणि तुमच्यासमोर करायला सांगा. छज्ज्याचा एक तुकडा ताजा फोडायचा, धूळ झटकायची आणि त्यावर फिनॉल्फ्थलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा फवारा मारायचा. चांगलं काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं. बाहेरून आत जितक्या खोलीपर्यंत ते राखाडीच राहतं, तितकं कार्बोनेशन. गुलाबी रेषा सळईच्या अलीकडे असेल तर सळईला अजून संरक्षण आहे. पलीकडे गेली असेल तर नाही. घरात निदान डझनभर ठिकाणी ही चाचणी व्हायला हवी, कारण पश्चिमेचा पावसाचा मारा खाणारा छज्जा आणि पूर्वेचा छज्जा यांची अवस्था वेगळी निघते. न्हाणीघर आणि पाण्याच्या टाकीखाली क्लोराइडचीही, म्हणजे मिठाची, चाचणी करा. काँक्रीट न फोडता ते तपासणाऱ्या हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्यांचे आकडे घ्या, पण नुसत्या त्या आकड्यांवर 'इमारत धोकादायक' असं लिहून देणाऱ्यापासून सावध राहा.

दुरुस्तीत मिस्त्री घाई करतात ती एकाच जागी: सळईच्या मागे. सळईची फक्त पुढची बाजू साफ करून वर मसाला थापला तर मागचा गंज तसाच राहतो आणि पोपडा पुन्हा पडतो. सळई चहूबाजूंनी मोकळी व्हायला हवी, मागे बोट जाईल इतकी. कडा चौकोनी कापायच्या, गंज ब्रशने घासून लोखंड चकाकेपर्यंत आणायचं, झिंकचा प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर, आणि नीट क्युरिंग. सळईची जाडी एक दशांशाहून जास्त गेली असेल तर जोडसळईचा निर्णय इंजिनिअरने घ्यायचा, मिस्त्रीने नाही. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक बारीक खाच असते, पाणी तिथेच तुटून खाली पडावं म्हणून. दुरुस्तीत ती हटकून भरली जाते. ती पुन्हा करून घ्या, नाहीतर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत जातं.

जॅकेटिंग, म्हणजे जुन्या काँक्रीटभोवती नवा जाड थर, सुचवलं असेल तर नाही म्हणा, निदान छज्ज्यांना. या घरांचं सगळं सौंदर्य कडेच्या पातळपणात आहे. तीन इंचाची कड सहा इंच झाली की घर एखाद्या शासकीय विश्रामगृहासारखं दिसू लागतं. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या, आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोमध्ये मीस व्हान डेर रोहे या वास्तुकाराने १९२९-३० मध्ये उतारावर बांधलेलं तुगेंडहाट घर आता जागतिक वारसा आहे. रस्त्यावरून ते जेमतेम एक मजल्याचं दिसतं, खरी बैठकीची खोली खाली बागेकडे उघडते, आणि तिथल्या प्रचंड काचांपैकी दोन जमिनीत खाली सरकतात. २०१० ते २०१२ मध्ये त्याची दुरुस्ती झाली तेव्हा काचेची चौकट किंवा खांबाचा आकार कुणी 'मजबुतीसाठी' वाढवला नाही. आपलं घर तेवढं मोठं नाही, पण तत्त्व तेच ठेवायला काय हरकत आहे?

म्हणूनच लोखंडी खिडक्या काढू नका. त्यांची पट्टी जेमतेम इंचभर दिसते. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमची चौकट त्याच्या दुप्पट, आणि एका वेळी निम्मीच उघडते. उतारावरून येणारा वारा तुम्ही पैसे देऊन निम्मा करणार. खिडकी चौकटीतून काढून जमिनीवर घ्या, जुना रंग खरवडा, खालचा कुजलेला तुकडा कापून तेवढाच नवीन वेल्ड करा, बिजागऱ्या मोकळ्या करा, जवसाच्या तेलाची ताजी पुट्टी. सिन्नर-अंबडच्या वर्कशॉपमधला चांगला फॅब्रिकेटर हे काम आनंदाने करतो. फक्त त्याला आधी एक नमुना खिडकी करून दाखवायला सांगा.

तुम्ही 'आरसीसी घर' लिहिलंय, पण त्या काळची बरीच घरं स्लॅब आरसीसी आणि भिंती मात्र चुन्यात बांधलेल्या, भार पेलणाऱ्या विटांच्या अशी असतात. गिलावा एका कोपऱ्यात उघडून खात्री करा आणि तोवर एकही भिंत पाडू नका. टेकडीकडच्या भिंतीला आतून सिमेंट प्लास्टर आणि टेक्सचर पेंट केला असेल तर तो काढून चुन्याचा गिलावा द्या, म्हणजे उरलीसुरली ओल बाहेर पडेल. रंगासाठी मीटरबोर्डच्या मागची जागा ब्लेडने थराथराने खरवडून पहा. सगळ्यात खालचा रंग पांढराच असेल असं नाही. मला फिका पिस्ता आणि गेरूही सापडलेत.

राहिली वरची खोली. १९४०ची रचना ही आपल्या काँक्रीट संहितेच्या (१९५३) आणि भूकंप संहितेच्या (१९६२) आधीची आहे, स्लॅब वरच्या मजल्यासाठी धरलेली नाही आणि पुढचा पाया भरावावर आहे. म्हणून गच्चीवर खोली नाही. परवानगीच्या बाजूनेही तपासा: जागा महापालिकेत येते की कॅन्टोन्मेंटमध्ये, आणि कॅन्टोन्मेंट असेल तर ती ओल्ड ग्रँटची आहे का. ओल्ड ग्रँटमध्ये जमीन सरकारची आणि तुमचं फक्त बांधकाम असतं. महापालिकेत असेल तर राज्याच्या २०२०च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतारावर नवं बांधकाम होत नाही, त्यामुळे 'पाडा' म्हणणाऱ्याला आधी विचारा की त्याच जागी पुन्हा तेवढं बांधायला मिळेल का. मुलाला खोली हवीच असेल तर परवानगी मिळत असल्यास मागच्या कापलेल्या सपाटीवर, खडकावर, घरापासून सुटी, हलक्या लोखंडी सांगाड्याची एक खोली. संरक्षक भिंतीपासून माणूस आरामात फिरेल एवढं अंतर ठेवा, म्हणजे पावसाळ्याआधी भोकं साफ करायला जाता येईल.